लहान हाताचा पटर

आमच्या स्टोअरमध्ये हातमोजे मागवतात तेव्हा सगळ्यात लहान मापाचं एकच पाकीट येतं, आणि ते माझ्यासाठी असतं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या आतले प्लॅस्टिकचे भाग आम्ही बनवतो. दाराचे कप्पे, डॅशबोर्डच्या पट्ट्या, एसीच्या जाळ्या. दिवसभर माझ्या हातात कुठला ना कुठला तुकडा असतो आणि त्याच्या कडेवरून माझा अंगठा फिरत असतो. त्यामुळे आपला हात आपल्याला पुरता माहीत आहे असं मी समजून होते.

प्लांटच्या मागे झाडांसाठी सोडलेली मोकळी जागा आहे. परदेशातल्या मूळ कंपनीकडून दोन वर्षांसाठी आलेल्या एका साहेबांनी तिथे डिस्क गोल्फ सुरू केलं. खेळ गोल्फसारखाच, फक्त काठी आणि चेंडूऐवजी हाताने फेकायची प्लॅस्टिकची थाळी, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. थाळी साखळ्यांवर आपटते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, एवढंच. आमच्या नऊ टोपल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी उरलेल्या पाइपांच्या बनवल्या. साहेब परत गेले, टोपल्या राहिल्या. जनरल शिफ्ट सुटल्यावर बस निघेपर्यंत पाऊण तास मिळतो. तेवढ्यात कुणी चहा पितं, कुणी फोन काढून बसतं आणि दहा-बारा जण थाळ्या फेकतात.

मी त्यांच्यात गेले कारण या खेळात बोलावं लागत नाही. आपली पाळी आली की फेकायची, मग आपल्या थाळीमागे आपण चालत जायचं. मी इंग्लिश मीडियमला शिकले. वर्गातल्या मुलींचं इंग्लिश घरातून आलेलं होतं, माझं पुस्तकातून. घरी आल्यावर मराठीत बोलताना मधेच इंग्लिश शब्द आला की चुलत भावंडं हसायची. दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं होतं. ती सवय नोकरीतही राहिली. रिपोर्ट मी व्यवस्थित लिहिते, मीटिंगमध्ये तो दुसरं कुणी वाचून दाखवतं.

रांजणगावला आमच्याच कंपनीचा दुसरा प्लांट आहे. त्यांच्याशी वर्षातून एकदा सामना होतो, चार जणांच्या टीमचा. आमची टीम मेंटेनन्सचे सुपरवायझर ठरवतात. ते राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून येतात, रिटायरमेंटला आलेत, आणि मॅनेजरपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात. यंदा तीन जण आधीच ठरले होते. चौथ्याबद्दल मामा कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, चौथी जागा तुमची. एक लेडीज पायजेच म्हनत्यात ऑफिसवाले."

मी मान हलवली. ते खूश होऊन गेले. मला ती जागा हवी होती, गेले सहा महिने हवी होती, पण या वाटेने नको होती. हे त्यांना तोंडावर सांगणं मला शक्य नव्हतं. दुपारी मी मेसेज लिहिला, तीनदा खोडला, शेवटी एकच ओळ पाठवली: मामा, मला ती जागा चाचणी देऊन हवी आहे. उत्तरात फक्त अंगठा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की चौथ्या जागेसाठी पुढच्या बुधवारी चाचणी. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डिस्पॅचचा फोर्कलिफ्ट चालवणारा. तो बीड जिल्ह्यातला, दोन मुलांचा बाप, हातात ताकद आणि तोंडी कायम काहीतरी मस्करी. त्याने तिथल्या तिथे विचारलं, "ताई, आपलं काय भांडण हाय का?" सगळे हसले. मीही हसले, खाली बघून.

चाचणी अशी होती. टोपलीपासून आठ मीटरवरून दहा फेकी, त्यांतल्या किती टोपलीत जातात ते मोजायचं. मग पस्तीस मीटरवरून पाच फेकी. या टोपलीत जाणं अपेक्षित नसतं, टोपलीच्या जितकं जवळ थाळी थांबेल तितकं चांगलं. पहिल्या प्रकाराला पटिंग म्हणतात, दुसऱ्याला अप्रोच. दोन्ही एकाच थाळीने करायचं, आणि तिचं नाव पटर.

लांब फेकायच्या थाळ्या पातळ कडेच्या असतात आणि त्या आम्ही आपसांत वापरतो. पटर मात्र ज्याचा त्याचा. तो जाड, बोथट कडेचा आणि संथ असतो, आणि हाताला त्याची सवय व्हावी लागते. साहेब जाताना पटरचा एक खोका मामांच्या कपाटात ठेवून गेले होते. तोवर मी हाताला येईल तो घेऊन खेळत होते. चाचणी ठरल्यावर मी मामांकडे गेले आणि आठ दिवसांसाठी तीन वेगवेगळे मागितले.

"तीन?" मामा म्हणाले. "साड्या बघायला आलाव व्हय?"

तरी त्यांनी दिले. कंपनीतली वस्तू गेटबाहेर न्यायची तर परत आणायचा गेटपास लागतो. तीन पटर, रंग लाल, पांढरा, निळा, असा पास त्यांनी बनवला आणि सिक्युरिटीवाल्याने तो दोनदा वाचला.

जेवणाच्या सुटीत मी तिन्ही लॅबमध्ये नेले. वजन केलं, कडकपणा मोजला, व्हर्नियरने कडेची उंची आणि आतली खोली घेतली. लाल मऊ होता, दाबला की रबरासारखा वाकायचा. पांढरा कडक आणि खोल. निळा कडकच, पण उथळ. लाल आणि पांढऱ्याच्या कडेला खालच्या अंगाने एक बारीक गोल उंचवटा होता, बांगडी चिकटवल्यासारखा. त्याला इंग्लिशमध्ये बीड म्हणतात. निळ्याला बीड नव्हती, त्याची कड खालून सपाट होती. सगळे आकडे मी शीटमध्ये भरले आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवला. कुठला घ्यायचा ते आकड्यांवरून कळत नव्हतं.

आमच्या पट्ट्यात सुटी गुरुवारी असते. त्या गुरुवारी सकाळी पप्पांनी मला स्कूटरवरून पुनावळ्याला नेलं. तिथे आत्याच्या सोसायटीमागे एक प्लॉट आहे, ज्यावर अजून टॉवर उभा राहिलेला नाही. पप्पा तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मोल्डिंगला होते. मशीनवर लागले आणि लाइन इन्चार्ज होऊन निघाले. खेळ त्यांना कळला नव्हता, पण मी पटर दाखवले तेव्हा त्यांनी एकेक हातात घेऊन वळवला आणि पहिला प्रश्न विचारला की मटेरियल कुठल्या ग्रेडचं आहे. मला माहीत नव्हतं. त्यांना ते आवडलं नाही.

बांबू रोवून त्यावर आम्ही आत्याकडचा दुधाचा क्रेट बांधला. मी फेकायची, पप्पा थाळ्या गोळा करायचे. अप्रोचच्या वेळी ते क्रेटपासून थाळीपर्यंत पावलं टाकत जायचे आणि तिथून ओरडून सांगायचे, पाच पावलं, नऊ पावलं, आणि खिशातल्या वहीत लिहायचे. पांढरा लवकरच बाद झाला. त्याची कड इतकी खोल की माझी बोटं आत पोचत नव्हती, तो हातातून डुगडुगत निघायचा. निळा निसटायचा. मला हवं त्याच्या क्षणभर आधीच हात सोडून जायचा आणि डावीकडे भरकटायचा. लाल बरा होता. पकड यायची, जमिनीवर पडला की घसरत न जाता तिथेच बसायचा. दहातले सहा क्रेटमध्ये गेले. फक्त अधूनमधून एखादी फेक उजवीकडे ओढली जायची. मी बोटाकडे बघत स्वतःशीच म्हणाले की इथे काहीतरी अडकतंय. पप्पांनी ते ऐकलं हे माझ्या लक्षात आलं नाही. रकान्यात मी लाल लिहिलं.

सोमवारी मी कामावरून आले तेव्हा पप्पा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसले होते. त्यावर लाल पटर होता आणि शेजारी त्यांचा चाकू. हॅकसॉचं तुटलेलं पातं घासून त्यांनी तो कधीतरी कारखान्यात केला होता, मुठीला काळी टेप गुंडाळलेली. मोल्डमधून निघालेल्या पीसच्या कडेला जो जास्तीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा राहतो त्याला फ्लॅश म्हणतात. तो ते या चाकूने काढायचे. निवृत्त झाल्यापासून चाकू डब्यात होता.

"फ्लॅश राहिला होता पूर्ण गोलाला," ते म्हणाले. "म्हणून तुझं बोट अडकत होतं. पास कुणी केला हा पीस?"

मी पटर उचलला. कडेखालून अंगठा फिरवला. बीड नव्हती. जिथे ती होती तिथे आता सपाट, गुळगुळीत कड होती. मी रोज शेकडो कडा तपासते. पात्याची एक रेघ, एक पायरी, एक चमक तरी मिळेल म्हणून मी पूर्ण गोल दोनदा फिरवला. काही मिळालं नाही. मऊ प्लॅस्टिक चाकूखाली दबतं, ओढलं जातं, त्यात असा कट मारणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

पप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, छान झालंय. मम्मी म्हणाली की दुपारी जेवायलासुद्धा उठले नाहीत.

मंगळवारी मी तो पटर फेकला आणि मला माझ्या हाताचं आश्चर्य वाटलं. बोट अडकणं बंद झालं होतं. थाळी सरळ जायची, मी बघायचे तिथे. त्या पाऊण तासात मी फार मोजलं नाही, साखळ्यांचा आवाज ऐकत राहिले. बुधवारी चाचणीत माझे दहातले आठ गेले. फोर्कलिफ्टवाल्याचे सात. अप्रोचमध्येही माझ्या थाळ्या जवळ पडल्या. मामांनी वहीत चौथं नाव माझं लिहिलं. फोर्कलिफ्टवाल्याने कपाळाला हात लावून दाखवला आणि म्हणाला, "संपलं राव. आता घरी सांगतो, वारा होता."

परतीच्या बसमध्ये मी फोनवर या खेळाचे नियम उघडले. ते आधी का नाही उघडले, याचं उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते मला आवडत नाही. सोमवारी अंगठा फिरवला तेव्हाच मनात शंका आली होती. ती मी चाचणी होईपर्यंत तशीच ठेवली.

नियमात होतं की मोल्डिंगमध्ये राहिलेली बारीक खोट घासून काढलेली चालते, पण थाळीचा मंजूर झालेला आकार बदललेला चालत नाही. बीड हा आकाराचा भाग होता. आकुर्डीचा थांबा येईपर्यंत मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक फट होती. फ्लॅश होता, काढला, असं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि माझ्या बापाने तर तो फ्लॅश समजूनच काढला होता. पण मी कंपनीत नापास पीसला लाल टॅग लावते. एखाद्या ऑपरेटरने विचारल्याशिवाय पीस घासला, तो कितीही चांगला दिसत असला, तरी मी तो लाल डब्यात टाकते आणि त्या माणसाची नजर चुकवत नाही.

घरी चहा झाल्यावर मी पप्पांना बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचं चित्र दाखवलं. कडेचा आडवा छेद होता. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हे ड्रॉइंगमध्येच आहे?"

"हो."

"म्हणजे फ्लॅश नव्हता."

"नाही."

त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. मम्मी आतून म्हणाली, त्यात काय एवढं, दुसरी थाळी आण. पप्पा मला म्हणाले, "तीस वर्षांत ड्रॉइंग न बघता पीसला हात लावला नाही मी. पोरांना शिव्या दिल्यात त्यावरून."

मी म्हणाले की त्यांना कुणी ड्रॉइंग दिलंच नव्हतं, मी द्यायला हवं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं. विचारलं, चाचणी याच पीसवर झाली का. मी हो म्हणाले.

"मग ती रद्द," ते म्हणाले. साधंच म्हणाले, एखाद्या लॉटबद्दल बोलावं तसं.

मी म्हणाले, मामांना मेसेज करते.

"मेसेज नको बाळा. पीस हातात घेऊन सांगायचं असतं. परवा कामावर जाशील तेव्हा सांग."

सगळ्यांसमोर उभं राहून, पीस हातात घेऊन. मी उठून जायला लागले तेव्हा त्यांनी हाक मारली. "तो निळा आण इकडे."

निळा पटर त्यांनी लालच्या शेजारी धरला आणि दोन्हींच्या कडेखालून एकाच वेळी दोन अंगठे फिरवले. मग ते माझ्या हातात दिले. मीही तसंच केलं, आणि मला कळलं. बीड गेल्यावर लालची जी कड उरली होती, तीच निळ्याची जन्मापासून होती. सपाट, बोटाला कुठेही न अडवणारी. गेल्या गुरुवारी निळा निसटत होता कारण त्या आधी सहा महिने माझ्या हाती बहुतेक बीडवालेच पटर आले होते आणि माझं बोट निळ्यावरही ती बांगडी शोधत होतं. मिळत नव्हती म्हणून पकड सुटत होती. दोन दिवस कापलेला लाल फेकून बोटाने तो शोध सोडला होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही पुन्हा पुनावळ्याला गेलो. निळा हातात बसत होता. तो लालपेक्षा कडक, म्हणून जमिनीवर पडला की पुढे घसरायचा. क्रेटशी पडून चार पावलं पलीकडे जायचा. पप्पा पावलं मोजत म्हणाले, फेकीचा जोर बदलू नको, कोन बदल. त्यांना खेळ येत नव्हता, पण वस्तू कुठे आणि का घसरते ते येत होतं. मी थाळीची बाहेरची कड किंचित खाली झुकवून फेकायला लागले. ती शेवटी डावीकडे वळून, कडेवर टेकून बसायला लागली. दुपारी आत्याने जेवायला हाक मारली तेव्हा माझा खांदा दुखत होता आणि पप्पांच्या वहीची चार पानं भरली होती.

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर सगळे पहिल्या टोपलीपाशी जमले तेव्हा मी लाल पटर घेऊन मामांसमोर उभी राहिले. वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं, पण तोंडातून वेगळंच आलं.

"मामा, बुधवारची चाचणी धरू नका. हा पटर नियमात बसत नाही. याची कड कापलेली आहे."

मामांनी तो घेतला, उलटा केला. "कुठं?"

"पूर्ण गोल. खालून."

त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "मला तर काय लागत न्हाई." मग त्यांनी तो टूलरूमच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागाच्या, सीनियरकडे दिला. आमच्याकडे कुणाला मिळत नाही तो दोष त्यांना मिळतो. त्यांनी पटर उन्हाकडे तिरका धरला, नख लावून बघितलं, शेवटी खोक्यातला दुसरा लाल काढून दोन्ही शेजारी ठेवले. तेव्हा त्यांना दिसलं.

"कुठल्या मशीनवर केलंय?" त्यांनी विचारलं.

"हाताने. हॅकसॉच्या पात्याने."

"कुणी?"

"माझ्या वडिलांनी."

"कुठं होते ते?"

"मोल्डिंगला. तीस वर्षं."

हे सांगताना मी खाली बघत नव्हते. माझा आवाजही नेहमीपेक्षा मोठा आला होता, कारण मागच्या दोघांनी मान वळवली. टूलरूमच्या सीनियरने पटर आणखी एकदा फिरवला आणि परत देण्याआधी शेजारच्याला दिला, त्याने त्याच्या शेजारच्याला. दहा-बारा अंगठे त्या कडेवरून गेले. मला शाळेत ज्या दिवशी पालकांचा व्यवसाय इंग्लिशमध्ये सांगायचा होता तो दिवस आठवला. मी तेव्हा नुसतं सर्व्हिस म्हणाले होते आणि पटकन खाली बसले होते.

फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "ताई, कशाला सांगत बसल्या? कुणाला कळलं बी नसतं."

"मला कळलं होतं," मी म्हणाले.

त्याने मामांकडे बघितलं. "मग जागा माझी का आता?"

"तुजी कशापायी?" मामा म्हणाले. "तू काय जिंकला व्हतास? दोघंबी परत फेका. आन् पोरी, हा पीस आता कंपनीचा न्हाई. गेटपास मी बघतो. वडलांना दे, सांग मामांनी दिलाय."

त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नव्हतं.

पुन्हा चाचणी झाली. निळ्याने माझे सात गेले. बुधवारच्यापेक्षा एक कमी. फोर्कलिफ्टवाल्याचेही सातच. सगळं अप्रोचवर आलं. मामांनी पाचही फेकींची अंतरं टेपने मोजून बेरीज करायची ठरवली. ज्याची कमी त्याची जागा. वारा चाकणच्या माळावरून येतो तसा आडवा येत होता. फोर्कलिफ्टवाल्याने पाच फेकल्या. त्याची ताकद त्याला नडते, पण त्या दिवशी तो सांभाळून फेकत होता आणि पाचवी तर टोपलीच्या खांबाला घासून थांबली. त्याचे मित्र ओरडले.

माझ्या चार झाल्या तेव्हा मामांनी आकडा सांगितला. पाचवी टोपलीपासून तीन मीटरच्या आत पडायला हवी होती. पस्तीस मीटरवरून, आडव्या वाऱ्यात, आठ दिवसांपूर्वी मी नाकारलेल्या पटरने.

मी कडेखाली बोट लावलं. ते कशाला शोधत नव्हतं. बाहेरची कड झुकवली, वारा थोडा पडू दिला आणि फेकलं. थाळी खालून गेली, टोपलीच्या उजव्या अंगाला निघाली, आणि मला वाटलं गेली आता. मग ती डावीकडे वळली, कडेवर टेकली, एकदा उसळली आणि बसली.

मामा टेप घेऊन गेले. दुसरं टोक फोर्कलिफ्टवाल्यानेच धरलं. त्याने आकडा वाचला आणि मामांनी सांगायच्या आत माझ्याकडे वळून हात जोडले. दीड मीटर.

मामांनी वहीत नाव लिहिलं. फोर्कलिफ्टवाल्याने माझी थाळी उचलून आणून दिली, पॅन्टला पुसून. म्हणाला, रांजणगावला जिंकून या, नाहीतर पुढच्या वर्षी मी काय सोडत नाही. मी म्हणाले, सोडू नका. मला त्याच्याशी बोलायला काही अडचण वाटली नाही.

आकुर्डीच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा पप्पा खाली उभे होते. ते कधी थांब्यावर येत नाहीत. मी उतरले आणि लाल पटर त्यांच्या हातात दिला, मामांचा निरोप सांगितला, टूलरूमच्या सीनियरने मशीन विचारलं तेही सांगितलं. ते कड चाचपत ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मिळाली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, दोनदा. पटर काखेत धरला आणि आम्ही घराकडे निघालो. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांचे जुन्या कारखान्यातले दोघे मित्र बसले होते. एरवी मी अशा ठिकाणी पाऊल उचलते आणि पुढे जाऊन थांबते. पप्पा थांबले, मीही थांबले.

"ही माझी मुलगी," पप्पा त्यांना म्हणाले, जणू ते मला लहानपणापासून ओळखत नव्हते. "कंपनीच्या टीममध्ये आहे. चाचणी देऊन गेली."

"दोनदा देऊन," मी म्हणाले.